केरॅटोकोनस : सेमीसॉफ्ट लेन्स चार तासांच्या वर सहन होत नाही. स्क्लेरल घ्यावी का?

सातचंद्र | २० ऑक्टोबर, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. आयडी नवा, पण वाचनमात्र म्हणून जुना आहे.

कोजागिरीला गच्चीवर सगळे दुधात चंद्र बघत होते. मी लेन्स काढून बसलो होतो, त्यामुळे मला आभाळात सात चंद्र दिसले. तेव्हा हसून घेतलं, पण खाली आल्यावर हा धागा काढायचं ठरवलं.

वय २८, राहायला पुण्यात, नोकरी हिंजवडीला, येणंजाणं दुचाकीवर. दोन्ही डोळ्यांत केरॅटोकोनस (बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो तो आजार), उजव्यात जास्त. अकरावीत होतो तेव्हा तिरका नंबर दर सहा महिन्यांनी बदलायला लागला. चष्मेवाला दर वेळी नवीन काच द्यायचा आणि "मोबाईल कमी कर" म्हणायचा. यात दोन वर्षं गेली. मग एका डॉक्टरांनी पेंटाकॅम (त्या पडद्याचा नकाशा काढणारी तपासणी) करायला लावलं आणि त्या रंगीत नकाशात खालच्या बाजूला लालभडक डोंगर दिसला. दोन्ही डोळ्यांचं सीथ्रीआर झालं. तेव्हापासून आकडे हललेले नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार लेन्सची आहे. सहा वर्षं सेमीसॉफ्ट (नावालाच सॉफ्ट, खरं तर कडक छोटी लेन्स) वापरतोय. घातल्यावर दिसतं झकास, पण चार तासच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उजवा डोळा लाल होतो आणि दुपारच्या मीटिंगला मी एक डोळा मिटून बसलेला असतो. नवा मॅनेजर आला तेव्हा त्याला वाटलं मी डोळा मारतोय. वाकडच्या पुलावर धुळीचा एक कण लेन्सखाली गेला की गाडी बाजूला घेऊन रडत उभा राहतो. दोन लेन्स आजवर हरवल्या, त्यातली एक त्याच पुलावर. चष्म्याचा म्हणाल तर उजव्या डोळ्याला उपयोग शून्य.

आता डॉक्टर स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसणारी मोठी लेन्स) घ्या म्हणतात. दोन डोळ्यांचे साठेक हजार सांगितलेत. कुणी वापरतं का? खरंच दिवसभर टिकते? ट्रायलची लेन्स पाहिली, जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढी वाटली. ती डोळ्यात घालायची कशी? आणि एवढे पैसे घालून तीही कपाटात पडली तर?

भांडखोर_मांजर | २१ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

सात चंद्र म्हणजे एका संकष्टीत सात उपास सुटले की! पुण्य बघ किती साठतंय. (ह. घ्या.)

तिरपा_नंबर | २१ ऑक्टोबर, सकाळी ९.०२

सातचंद्र, साठ हजार काढण्याआधी जरा थांब.

मी चौदा वर्षं सेमीसॉफ्टवर आहे, रोज बारा तास. पण पहिली तीन वर्षं माझीही तुझ्यासारखीच गेली. डोळ्यात खडा असावा तशी लेन्स टोचायची. ज्यांच्याकडून घेतली ते म्हणायचे, "सवय होईल." सवय झाली, पण ती टोचण्याची. केरॅटोकोनस म्हणजे दुखणारच अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

मग बदलीच्या गावी एका ऑप्टोमेट्रिस्ट बाईंनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या दिव्याखाली पाहिलं आणि विचारलं, "ही लेन्स कुणी दिली?" लेन्स सरळ कोनाच्या, म्हणजे पुढे फुगलेल्या भागाच्या, टोकावर टेकत होती. त्यांनी पाच ट्रायल केल्या, दोनदा लेन्स परत पाठवली आणि शेवटी रोझ-के दिली. हे डिझाइन न्यूझीलंडच्या पॉल रोझ नावाच्या ऑप्टोमेट्रिस्टने केरॅटोकोनससाठीच केलेलं आहे. ती घालून घरी आलो आणि रात्री काढायची विसरलो. चौदा वर्षांत तेवढं एकदाच विसरलो, पण त्यावरून काय ते समज.

तेव्हा आधी सांग, शेवटचं फिटिंग कधी झालं होतं?

विंचूरची_लेक | २१ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

डोळा मारण्यावरून आठवलं. माझ्या लग्नात गुरुजींनी होमात तूप जरा सढळ हातानेच सोडलं. धूर डोळ्यात आणि सेमीसॉफ्ट लेन्स. सासरच्यांना वाटलं मुलगी फारच हळवी आहे, आत्तापासूनच रडतेय. शेवटी मावशीने मला आत नेऊन लेन्सा काढल्या. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी होम आणि संध्याकाळी मुहूर्त होता. त्यामुळे अंतरपाट बाजूला झाला तेव्हा मला नवरे तीन दिसले. मधल्याला हार घातला.

अकरा वर्षं झाली, निवड बरोबर निघाली.

भांडखोर_मांजर | २१ ऑक्टोबर, सकाळी ११.४६

=)) मधल्याला!! मी ऑफिसात बसून वाचतेय, चहा कीबोर्डवर सांडला.

सातचंद्र | २१ ऑक्टोबर, दुपारी १.१०

@तिरपा_नंबर, खरं सांगायचं तर फिटिंग चार वर्षांपूर्वी. लेन्स हरवली की फोन करून त्याच मापाची मागवतो. कुरियरने घरी येते.

काचबिंदी_बाई | २१ ऑक्टोबर, दुपारी ३.३३

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. कुरियरचं वाचून डोक्याला हात लावला. डोळा न तपासता इथे कुणाला काही सांगता येत नाही, पण चाललंय काय ते समजलं तर प्रश्न नीट विचारता येतील, म्हणून लिहिते.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीचा असतो. ५४० मायक्रॉनच्या आसपास. केरॅटोकोनसमध्ये तो एका जागी पातळ होतो आणि तिथेच पुढे फुगतो. पृष्ठभाग वेडावाकडा झाला की प्रकाश एका ठिकाणी जमत नाही, म्हणून एका दिव्याचे पाच दिसतात. चष्म्याच्या काचेला हा वेडेवाकडेपणा भरून काढता येत नाही. सॉफ्ट लेन्स ओल्या फडक्यासारखी त्याच उंचवट्यांवर पसरते, त्यामुळे बहुतेकांना तिचाही उपयोग होत नाही. सेमीसॉफ्ट लेन्स आपला आकार सोडत नाही. तिच्या आणि डोळ्याच्या मध्ये अश्रू भरतात, खाचखळगे बुजतात, आणि डोळ्याला समोर नवा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. त्यामुळे दिसणं हे जवळजवळ कुठल्याही सेमीसॉफ्टने सुधारतं. कौशल्य लागतं ते सुसह्य करायला.

लेन्स जास्त सपाट असेल तर सगळा भार कोनाच्या टोकावर येतो. तिथे घासून घासून पांढरा व्रण पडू शकतो, आणि तो मग कुठल्याच लेन्सने जात नाही. जास्त खोल असेल तर आत बुडबुडे अडकतात, लेन्स चिकटून बसते. हे सगळं त्या पिवळ्या रंगात दिसतं. म्हणून "नंबर तोच, माप तेच, पाठवून द्या" हा प्रकार मला झेपत नाही. चार वर्षांत डोळा बदललेला असू शकतो, आणि नसेल बदलला तरी तेव्हाचं फिटिंग बरोबर होतं कशावरून?

स्क्लेरलचं तत्त्व निराळं आहे. ती कॉर्नियाला टेकतच नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि कॉर्नियावरून कमानीसारखी जाते. मधे सलाइनचं तळं. पांढऱ्या भागाला कॉर्नियाइतकी संवेदना नसते, म्हणून मोठी असूनही ती कमी जाणवते. धूळ आत जात नाही, खो-खो खेळलात तरी पडत नाही. पण ती घातल्यावर हळूहळू खाली बसत जाते. त्यामुळे ट्रायल घालून तुम्हाला दोन-तीन तास दवाखान्यात बसवून पुन्हा तपासणारा माणूस शोधा. दहा मिनिटांत ऑर्डर घेणारा नको.

मधला मार्गही आहे. खाली पातळ सॉफ्ट लेन्स, वर सेमीसॉफ्ट. काहींना त्याने तीन-चार तास वाढवून मिळतात आणि खर्चही फार नाही.

निसर्गवेडा | २१ ऑक्टोबर, रात्री ८.२०

एवढ्या काचा डोळ्यात घालण्यापेक्षा मुळावर उपाय करा. त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, सकाळी गवतावर अनवाणी चाला, सूर्योदयाकडे बघा. माझ्या आतेभावाचा नंबर दीडने उतरला.

तिरपा_नंबर | २१ ऑक्टोबर, रात्री ८.३१

आतेभावाला केरॅटोकोनस होता का?

निसर्गवेडा | २१ ऑक्टोबर, रात्री ८.४४

नाही, साधा नंबर होता. पण डोळा तो डोळाच.

भांडखोर_मांजर | २१ ऑक्टोबर, रात्री ८.४५

आणि गुडघा तो गुडघाच. प्लास्टरऐवजी गवतावर चाला.

काचबिंदी_बाई | २१ ऑक्टोबर, रात्री ९.३०

मांजरताई, दमाने घ्या. निसर्गवेडा, गवतावर चालायला कुणाची ना नाही. पण पातळ झालेला कॉर्निया चालण्याने जाड होत नाही. आणि लेन्स वापरणाऱ्याने घरात केलेलं कुठलंही पाणी डोळ्यात घालू नये, मग ते त्रिफळ्याचं असो, गुलाबाचं असो की नळाचं. नळाच्या पाण्यात अकँथामीबा नावाचा जीव असू शकतो. त्याचा कॉर्नियाला संसर्ग झाला तर महिनोन्‌महिने औषधं चालतात, आणि वेदना कशा असतात ते पेशंटलाच विचारा. सूर्याकडे तर कुणीच बघू नये.

मायलेकरं | २२ ऑक्टोबर, सकाळी १०.०५

धागा वाचून पोटात गोळा आला. माझा मुलगा तेरा वर्षांचा. उन्हाळा आला की डोळे खाजतात, लाल होतात, मुठीने करकचून चोळतो. मेडिकलवाल्याने एक ड्रॉप दिला होता, त्याने दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र होतात. दर वर्षी तोच आणते. यंदा चष्म्याचा नंबर दुप्पट झाला, त्यातही तिरका. चोळण्याने केरॅटोकोनस होतो का हो?

काचबिंदी_बाई | २२ ऑक्टोबर, सकाळी १०.५०

ताई, घाबरू नका, पण या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या. पाच मिनिटांचं काम, दुखत नाही. ॲलर्जी आणि सतत चोळणं यांचा या आजाराशी घट्ट संबंध आहे. चोळणाऱ्या प्रत्येकाला तो होत नाही, पण ज्याला व्हायचा त्याचा वेग चोळण्याने वाढतो, आणि लहान वयात तो भराभर वाढतो.

दुसरं, ती बाटली घेऊन जा. दोन दिवसांत डोळे पांढरे करणाऱ्या ड्रॉपमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. डॉक्टरांच्या देखरेखीत ते उपयोगी असतं. वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होतो. खाज सुटली की थंड पाण्याने भिजवलेली स्वच्छ घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. मूठ नको.

चष्मा_नको_गं | २२ ऑक्टोबर, दुपारी १२.१८

मला तर हा आजार आहे हे कळलं ते लग्न ठरवण्याच्या खटपटीत. आईचं म्हणणं, बघायला येतात तेव्हा चष्मा नको, लेझर करून टाकू. तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, "करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडूनही करून घेऊ नका." आधीच पातळ कॉर्निया लेझरने आणखी छिलला तर तो झपाट्याने फुगतो म्हणे. आईला वाटलं डॉक्टरला येत नसेल. आम्ही दुसरीकडे गेलो. तिथे "करू की, थोडी रिस्क असते" असं उत्तर मिळालं, आणि नशिबाने बाबांना ते "थोडी" खटकलं.

त्या पहिल्या डॉक्टरांना मी अजून दिवाळीला फराळ पाठवते.

वाचतोय_फक्त | २२ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

अज्ञानी प्रश्न : सीथ्रीआर म्हणजे काय? त्याने बरं होतं तर मग लेन्स कशाला?

तिरपा_नंबर | २२ ऑक्टोबर, दुपारी १.२५

बरं होत नाही, थांबतं. वरची नाजूक त्वचा खरवडून काढतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे थेंब घालतात (म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, पिवळंधमक), आणि मग अर्धा तास अतिनील प्रकाश. त्याने आतल्या कोलॅजनच्या धाग्यांमध्ये जादा टाके पडतात आणि कॉर्निया कडक होतो. जर्मनीत ड्रेस्डेनला हे शोधलं, पेशंटवरचे निष्कर्ष २००३ साली छापून आले. आता जास्त तीव्र प्रकाश वापरून दहा मिनिटांतही करतात. कॉर्निया साधारण ४०० मायक्रॉन तरी जाड लागतो, म्हणून उशीर करायचा नाही. भिंत पडायला आली की टेकू देतात ना, तसं हे. टेकू दिला म्हणून वाकलेली भिंत सरळ होत नाही.

पहिले तीन दिवस मात्र देवाचं नाव घ्यायला लावतात. अंधाऱ्या खोलीत कांदा चिरत बसल्यासारखं.

जुनी_पाने | २२ ऑक्टोबर, रात्री १०.१५

अवांतर, पण राहवत नाही. सातचंद्र, तुला स्क्लेरल म्हणजे नवीन खूळ वाटत असेल, पण डोळ्यात घातलेल्या पहिल्या लेन्स याच जातीच्या होत्या. १८८८ साली झुरिकमध्ये आडोल्फ फिक नावाच्या डॉक्टरने काचेच्या वाट्या करून घेतल्या. आधी सशांच्या डोळ्यात, मग स्वतःच्या. आत द्राक्षशर्करेचं पाणी भरायचा. दोनेक तास सहन व्हायच्या. त्याच वर्षी पॅरिसमध्ये युजीन काल्टने केरॅटोकोनसच्या पेशंटवरच काचेच्या वाट्या वापरल्या. आजाराचं सविस्तर वर्णन त्याआधीच, १८५४ मध्ये, जॉन नॉटिंगहॅम नावाच्या इंग्रज डॉक्टरने केलं होतं.

दोन तास, काचेची, साखरेचं पाणी. तुझे चार तास काही वाईट नाहीत. :)

भांडखोर_मांजर | २२ ऑक्टोबर, रात्री १०.२०

साखरेचं पाणी? डोळ्याला मुंग्या लागल्या असत्या.

घाटमाथा | २३ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

माझा अनुभव जरा वेगळा, घाबरवायला लिहीत नाही.

मी डावा डोळा अनेक वर्षं सोडूनच दिला होता. उजव्याने भागतंय ना, मग कशाला खर्च. सीथ्रीआरही केलं नाही. एका सकाळी उठलो तर डाव्या डोळ्यासमोर दुधाचा पडदा, पाण्याच्या धारा, ठणका. आरशात बघितलं तर बुबुळ पांढरं. आजी म्हणाली, "डोळ्यात फूल पडलं रे." गावात दोघांनी मोतीबिंदू ठरवला, एकाने नजर लागल्याचं सांगितलं.

ते हायड्रॉप्स निघालं. कॉर्नियाचा आतला पातळ पापुद्रा ताणून फाटतो आणि डोळ्यातलं पाणी कॉर्नियात शिरतं, म्हणून तो फुगून पांढरा होतो. थेंब आणि मलम यांवर तीन महिन्यांत ओसरलं. मागे व्रण राहिला. गंमत अशी की व्रणामुळे कोन जरा चपटा झाला, आणि ज्या डोळ्यात कुठलीच लेन्स राहत नव्हती त्यात आता राहते. पण व्रणाच्या आडून जेवढं दिसतं तेवढंच.

एक डोळा चांगला आहे म्हणून दुसऱ्याकडे काणाडोळा करू नका. (शब्द आपोआप आला, माफ करा.)

लीड्सकर | २३ ऑक्टोबर, दुपारी ४.४०

इकडे इंग्लंडात या आजाराच्या लेन्स सरकारी रुग्णालयातून मिळतात, दर लेन्समागे ठरावीक रक्कम भरावी लागते, बाजारभावाच्या मानाने बरीच कमी. पण अपॉइंटमेंटची वाट बघण्यात ऋतू बदलतात. भारतात आलो की माझी आई म्हणते, "तिकडे एवढं फुकट आहे तर नीट का दिसत नाही तुला?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

रच्याकने (बाय द वे), ऑफिसात स्क्रीन काळी आणि अक्षरं पांढरी ठेवू नका. फॅशन असेल, पण आपल्या डोळ्यांना पांढऱ्या अक्षरांना शेपट्या फुटतात. अंधारात बाहुली मोठी होते आणि वेड्यावाकड्या भागातूनही प्रकाश आत येतो. खोलीत भरपूर उजेड, पांढऱ्यावर काळं, अक्षर मोठं. रात्री गाडी चालवणं मी तर बंदच केलंय. समोरचे दिवे म्हणजे भुईचक्रं.

डोंबिवली_फास्ट_नाही | २३ ऑक्टोबर, रात्री ९.१०

तुम्ही सगळी पोरं. मी ६३. माझ्या वेळी सीथ्रीआर नव्हतं. सेमीसॉफ्ट सहन होईनाशी झाली तेव्हा एकच रस्ता उरला, कॉर्नियाचं रोपण. १९९४ साली उजव्या डोळ्याचं झालं. सोळा टाके, केसाहून बारीक, वर्षभर डोळ्यातच होते. आता म्हणे फक्त वरचे थर बदलतात आणि आतला आपलाच ठेवतात, त्यामुळे शरीराने नाकारण्याचा धोका कमी होतो. आमच्या वेळी आरपार.

लोकांना वाटतं रोपण झालं की सुटलो. मला रोपणानंतरही लेन्स लागलीच, कारण टाक्यांमुळे पडदा तिरका झाला होता. डोळा लाल झाला, उजेड खुपला, दिसणं कमी झालं, की आजही मी त्याच दिवशी दवाखाना गाठतो. तीस वर्षं झाली तरी.

तो डोळा कुणाचा होता ते मला माहीत नाही. विचारलं होतं, सांगत नाहीत. ऑगस्टच्या शेवटी नेत्रदान पंधरवडा सुरू झाला की मी सोसायटीच्या फळ्यावर स्वतः लिहितो : माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवा, पंखा बंद करा, डोळे मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वय झालं होतं, यातलं काहीही आड येत नाही. आमच्या इमारतीतून आजवर चौघांचे गेलेत.

विंचूरची_लेक | २३ ऑक्टोबर, रात्री ९.२२

काका, _/\_

चिखलदऱ्याची_थंडी | २४ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

आता मूळ प्रश्नाकडे. मी पाच वर्षं स्क्लेरल वापरते, दोन्ही डोळ्यांत. दिवसाला दहा-अकरा तास. शाळेत शिकवते, म्हणजे खडूची धूळ आलीच.

घालायची कशी : टेबलावर आरसा आडवा ठेव आणि मान पूर्ण खाली घाल, नाक जमिनीकडे. लेन्स रबरी चोखणीवर उताणी ठेवून सलाइनने काठोकाठ भर. वरची पापणी एका हाताने, खालची दुसऱ्या बोटाने ताण, आणि लेन्स सरळ वर आण. मान जरा तिरकी झाली की पाणी सांडतं, बुडबुडा अडकतो आणि धूसर दिसतं. मग काढा आणि पुन्हा भरा. पहिल्या दिवशी मला पन्नास मिनिटं लागली, शर्ट चिंब, नवरा टॉवेल घेऊन उभा. आता दोन मिनिटं.

काढताना चोखणी मध्यभागी लावायची नाही. खालच्या कडेजवळ लावायची आणि वर उचलायची. मध्ये लावलीस तर लेन्सच्या आत पोकळी तयार होते आणि लेन्सऐवजी डोळाच ओढल्यासारखा वाटतो.

भरायचं पाणी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच हवं. लेन्स धुवायचं सोल्यूशन आत भरायचं नाही, ते दिवसभर कॉर्नियाला लागून राहतं. मी मेडिकलमधून सलाइनच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या आणते, एकदा फोडली की उरलेली फेकायची. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून आठवडाभर तीच वापरणारे पाहिलेत, तो मोह टाळ. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन वापरत असशील तर लेन्स त्याच्या जाळीच्या डबीतच सहा तास ठेव. चुकून थेट डोळ्यात गेलं तर सात काय, सत्तर चंद्र दिसतात. अनुभवाचे बोल.

वाईट भागही सांगते. दुपारी दोनच्या सुमारास मला धुकं येतं. अश्रूंतला मळ आतल्या पाण्यात जमतो. काढून, धुऊन, नवीन पाणी भरून परत घालते. म्हणजे शाळेच्या स्टाफरूममध्ये रोज एक प्रयोग. मुलं विचारतात, "बाई, तुमचा डोळा निघतो का?" मी हो म्हणते, वर्ग शांत राहतो.

पैशांचं : मेडिक्लेमने मला एक रुपया दिला नाही, "लेन्स म्हणजे चष्मा" असं उत्तर आलं. घेताना लेखी विचार की त्या किमतीत किती बदल करून देणार आणि किती दिवसांत. माझी उजवी तिसऱ्या वेळी जमली, डावी पहिल्याच. बदल फुकट नसते तर मीही कपाटात टाकली असती. आणखी त्रास असेल तर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसादमध्ये प्रोज म्हणून याच जातीची, प्रत्येक डोळ्याच्या मापाने घडवलेली लेन्स मिळते. महाग आहे आणि तिथे काही दिवस मुक्काम करावा लागतो. माझी एक मैत्रीण सगळीकडे थकून तिथे गेली, आता खूश आहे.

तिरपा_नंबर | २४ ऑक्टोबर, सकाळी ९.४५

दुपारी धुकं, रोज कुप्या, आरसा, चोखणी... आणि तुम्ही म्हणता हे सेमीसॉफ्टपेक्षा बरं? मी सकाळी बसस्टॉपवर उभ्या उभ्या लेन्स घालू शकतो.

चिखलदऱ्याची_थंडी | २४ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

तुम्ही बसने जाता. तो दुचाकीवर वाकडच्या पुलावरून जातो.

तिरपा_नंबर | २४ ऑक्टोबर, सकाळी १०.३८

हा मुद्दा मान्य.

बॉस्केट | २४ ऑक्टोबर, दुपारी २.००

बास्केटबॉलपटू स्टीफन करीलाही केरॅटोकोनस आहे, २०१९ मध्ये त्याने स्वतः सांगितलं. त्याआधी नीट न दिसता एवढे थ्री-पॉइंटर टाकत होता. बहुतेक मधल्या बास्केटवर नेम धरत असणार.

विंचूरची_लेक | २४ ऑक्टोबर, दुपारी २.१५

मधलं नेहमी बरोबर असतं!

मायलेकरं | ५ नोव्हेंबर, रात्री १०.००

अपडेट. नकाशा काढला. डाव्या डोळ्यात सुरुवात आहे. तो ड्रॉप स्टेरॉइडचाच निघाला, बंद केला, डोळ्यांचा दाब सुदैवाने ठीक. आधी ॲलर्जीचं औषध, तीन महिन्यांनी पुन्हा नकाशा, वाढलं असेल तर सीथ्रीआर. मुलाने हाताला घुंगरू बांधून घेतलंय, हात डोळ्याकडे गेला की वाजतं. कल्पना त्याचीच. काचबिंदी_बाई, तुमच्यामुळे गेलो.

सातचंद्र | ११ फेब्रुवारी, रात्री ११.३०

धागा वर काढतोय, उशिराबद्दल माफी.

कुरियरवाल्यांना रामराम केला. नवीन ठिकाणी जुनी उजवी लेन्स घालून तो पिवळा रंग टाकला, आणि आरशात मलाही दिसलं : बरोबर मध्यभागी काळा ठिपका, म्हणजे तिथे लेन्स घासत होती. बारीक व्रणाची सुरुवात आहे म्हणाले. सहा वर्षं मी माझा डोळा नाजूक समजत होतो.

साठ हजार नाही गेले. डाव्याला नवीन मापाची सेमीसॉफ्ट पुरली, नऊ-दहा तास आरामात. उजव्याला मात्र स्क्लेरल. दोन बदलांनंतर जमली. मला धुकं चारच्या सुमाराला येतं, तेव्हा ऑफिसच्या डॉक्टरच्या खोलीत जाऊन पाणी बदलतो. डाव्यासाठी हेल्मेटची काच खाली, तरी कधीमधी रडतो. पण आता एकाच डोळ्याने. मॅनेजरला खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं मीटिंग आवडत नाही."

डोंबिवलीकर काका, आईबाबांनी आणि मी, तिघांनी नेत्रदानाचे फॉर्म भरले. बाबा विचारत होते, माझे असले डोळे कुणाला कसे चालतील? नेत्रपेढीत विचारलं. म्हणाले, असा कॉर्निया दुसऱ्याला बसवत नाहीत, पण अभ्यासाला आणि संशोधनाला घेऊ.

भांडखोर_मांजर | ११ फेब्रुवारी, रात्री ११.३८

ते सगळं ठीक. चंद्र किती?

सातचंद्र | ११ फेब्रुवारी, रात्री ११.४१

घातल्यावर एक आणि त्याला थोडी मिशी. काढल्यावर सातच.

नवा_कोन | १२ फेब्रुवारी, रात्री १०.५७

कुणी जागं आहे का?? आजच स्क्लेरल मिळाली. उजवी निघत नाहीये. चोखणी लावून ओढतोय, डोळाच बाहेर येईल असं वाटतंय. अर्धा तास झाला. आई शेजाऱ्यांना उठवायला निघाली आहे.

चिखलदऱ्याची_थंडी | १२ फेब्रुवारी, रात्री १०.५९

आईला थांबव. ओढू नकोस. चोखणी मध्ये लावली असणार. ती दाबून सोडव, डोळ्यात सलाइनचे दोन-तीन थेंब घाल, पाच मिनिटं डोळा मिटून शांत बस. मग वर बघ, लेन्सच्या खालच्या कडेला बाहेरून पापणीने हलकं दाब, म्हणजे हवा आत जाईल. मग चोखणी खालच्या कडेला.

तिरपा_नंबर | १२ फेब्रुवारी, रात्री ११.०१

आणि हात धुतलेत ना?

नवा_कोन | १२ फेब्रुवारी, रात्री ११.१२

निघाली. शेजारचे काका मात्र आलेत, आता चहा पिऊन जातील.